फिरत्या व्हॉल्व्हची विद्या : प्रस्तावना

शहराच्या पाण्याचे चित्र काढा म्हटले की आपण आधी धरण काढतो. मग शुद्धीकरण केंद्र, उंच टाकी आणि शेवटी घरातला नळ. शाळेच्या पुस्तकातही असेच चित्र असते. टाकीपासून नळापर्यंत त्यात एक सरळ रेघ ओढलेली असते. हे पुस्तक त्या रेघेबद्दल आहे.

त्या रेघेवर ठिकठिकाणी रस्त्यात बिडाचे झाकण असते, झाकणाखाली विटांचे चेंबर आणि चेंबरमध्ये व्हॉल्व्ह. कोणत्या गल्लीला किती वाजता, किती वेळ आणि किती जोराने पाणी येणार, हे तिथे ठरते. शहराचे वर्ष कसे जाणार ते पावसावरून कळते, पण दिवस कसा जाणार ते व्हॉल्व्हवर अवलंबून असते. पहाटे साडेचारला उठून नळाखाली कळशी लावणाऱ्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही. तिच्या तक्रारीत धरणाचा उल्लेख नसतो. ती म्हणते, ‘आज पाणी सोडलं नाही.’ आणि सोडणारा माणूस कोण, हे तिला नावानिशी माहीत असते.

मराठीत धरणांवर पुष्कळ लिहिले गेले. विस्थापितांच्या लढ्यांवर, दुष्काळावर, पाणलोटाच्या कामांवरही लिहिले गेले. व्हॉल्व्हबद्दलचे ज्ञान मात्र दोन ठिकाणी साठलेले आहे : इंग्रजी मॅन्युअलमध्ये आणि व्हॉल्व्ह फिरवणाऱ्यांच्या डोक्यात. पहिले खात्यातल्या फिटरपर्यंत पोचत नाही. दुसरे सेवानिवृत्तीच्या दिवशी नारळ-शालीबरोबर घरी जाते. ही दोन्ही ज्ञाने एका जागी यावीत म्हणून या पुस्तकाचा खटाटोप आहे. त्यामागचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. जे व्हॉल्व्ह कुठे आहेत हे माहीत आहे आणि जे पूर्ण फिरतात, तेवढ्यांपुरताच शहराचा आपल्या पाण्यावर ताबा असतो. उरलेल्या जाळ्यातले पाणी नशिबाने वाहते.

नवख्या वाचकासाठी आधी या मंडळींची ओळख करून देतो. सर्वांत जास्त भेटतो तो स्लूस व्हॉल्व्ह. बिडाच्या धडात पाचरीच्या आकाराचे गेट, ते वर-खाली करणारा आट्यांचा स्पिंडल, आणि स्पिंडलभोवतून पाणी बाहेर येऊ नये म्हणून ग्लँडमध्ये ठासलेली दोरी. पूर्ण उघडा असला की तो पाण्याला जवळजवळ अडवत नाही आणि पूर्ण बंद केला की पाणी थांबवतो. त्याचे काम या दोनच अवस्थांचे. मोठ्या व्यासाच्या वाहिनीवर बटरफ्लाय व्हॉल्व्ह सोयीचा, कारण त्याची थाळी नळाच्या आतच फिरते, जागा आणि वजन दोन्ही वाचते. पंपाच्या पुढे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, म्हणजे वीज गेल्यावर वर चढवलेले पाणी उलटे पंपावर येत नाही. वाहिनीच्या उंचवट्यांवर एअर व्हॉल्व्ह, सखल जागी गाळ बाहेर काढायला स्कावर व्हॉल्व्ह. चढ-उताराच्या वस्तीत खालच्या घरांवर फार दाब येऊ नये म्हणून दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, टाकीत फ्लोट व्हॉल्व्ह. भारतीय मानक ब्यूरोची यांतल्या बहुतेकांसाठी मानके आहेत. स्लूस व्हॉल्व्हचे आयएस १४८४६ तर निविदांमध्ये कायम दिसते.

एअर व्हॉल्व्हपाशी जरा थांबले पाहिजे, कारण त्याच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. वाहिनी भरताना आतली हवा बाहेर जावी लागते आणि रिकामी होताना बाहेरची हवा आत यावी लागते. हवा कोंडली तर ती उंचवट्यावर साचून पाण्याची वाट अरुंद करते. पंप तेवढाच चालतो, वीज तेवढीच जळते, पाणी मात्र कमी येते. आपल्याकडच्या जुन्या कारागिरांना हे पक्के ठाऊक होते. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणले, त्या नळाला वाटेत उच्छ्वास बांधलेले होते. विजापुरात आदिलशाहीतले ‘गंज’ म्हणून ओळखले जाणारे पाण्याचे मनोरे आजही पाहायला मिळतात. नळातला दाब तिथे मोकळा होई आणि गाळ तळाशी बसे. औरंगाबादेत सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने आणलेली नहरही केवळ उताराच्या जोरावर शहरभर पाणी खेळवत होती. या योजनांमध्ये पाणी हौदात पडत राही आणि लोक हौदावरून भरून नेत. घराघरात दाबाचे पाणी नेण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे रस्त्यारस्त्यावर ते अडवण्याचाही नव्हता.

तो प्रश्न एकोणिसाव्या शतकात आला. रोमन लोक काशाच्या तोट्या वापरत असत, पण रस्त्याखालची दोन-दोन फूट व्यासाची दाबाची वाहिनी तोटीने बंद होत नाही. वाफेच्या हातोड्यासाठी प्रसिद्ध असलेल्या जेम्स नास्मिथने १८३९ मध्ये पाचरीच्या आकाराचा, दोन्ही तोंडांनी घट्ट बसणारा स्लूस व्हॉल्व्ह तयार केला. आपल्या चेंबरमधला व्हॉल्व्ह त्याच्याच कुळातला आहे. पुढे लोखंडाची जात बदलली, रंग बदलला, गेल्या काही दशकांत गेटला रबराचे वेष्टन आले, पण पाचर आणि स्पिंडल ही कल्पना टिकली.

आपल्याकडे मुंबईत १८६० मध्ये विहारचे पाणी आले, १८७९ मध्ये तुळशीचे, १८९२ मध्ये तानसाचे. स्वातंत्र्यानंतर मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आज मुंबईला दिवसाला सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी येते, त्यातले बहुतेक शंभर-एक किलोमीटर किंवा त्याहून दुरून, आणि ते मलबार हिल, भंडारवाडा अशा जलाशयांतून वाटले जाते. प्रत्येक नव्या तलावाचे उद्घाटन झाले, कोनशिला बसल्या. त्याबरोबर शहराच्या पोटात किती व्हॉल्व्ह वाढले, याची बातमी झाली नाही. कोलकात्याची टाला टाकी मात्र मला या संदर्भात नेहमी आठवते. १९११ मध्ये सुरू झालेली ही प्रचंड टाकी चार कप्प्यांची केली, म्हणजे एक कप्पा बंद करून धुता येईल आणि शहराचे पाणी थांबणार नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या अभियंत्यांनी बांधतानाच देखभालीचा विचार केला होता. व्हॉल्व्हचे सगळे शास्त्र यातच आहे : एक भाग बाजूला काढता यावा आणि बाकीचे चालू राहावे.

या क्षेत्रातले मोठे पंथ पाण्याच्या वेळेवरून पडले. थॉमस हॉक्सलीने १८३१ मध्ये नॉटिंगहॅमला दाबाखाली अखंड पाणी देऊन दाखवले. त्या काळी लंडनच्या कंपन्या मात्र ठरावीक वेळीच पाणी देत, त्यांचा माणूस येऊन रस्त्यातली चावी फिरवी आणि लोक पिंपे भरून ठेवीत. लंडनला अखंड पुरवठ्यावर यायला शतक संपत आले. आपली बहुतेक शहरे आजही त्या जुन्या लंडनसारखी वेळापत्रकावर चालतात. या पंथाची बाजू साधी आहे : पाणी थोडे, माणसे फार, तेव्हा पाळीपाळीने द्यावे.

महाराष्ट्राला पाळीचे पाणी परके नाही. कालव्यावर शेजपाळी आहे. धुळे-नंदुरबारकडच्या फड पद्धतीत पाटकरी ठरल्या क्रमाने शेताशेताला पाणी देत आला आहे आणि त्याच्या न्यायबुद्धीवर गावाचा भरवसा असतो. शहरात व्हॉल्व्ह फिरवणारा चावीवाला त्याचाच भाऊबंद म्हणावा. पण पाट उघडा असतो आणि नळ बंदिस्त, आणि हा फरक जिवावर बेतणारा आहे. पाटाचे पाणी बंद केले तर पाट नुसता कोरडा पडतो. दाबाखालची वाहिनी रिकामी होऊ लागली की आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. मग फुटक्या सांध्यांतून, झिजलेल्या जोडण्यांतून भोवतालच्या मातीतले आणि शेजारच्या गटारातले पाणी आत ओढले जाते. चेंबर तुंबलेले असेल तर एअर व्हॉल्व्हसुद्धा हवेऐवजी तेच घाण पाणी पितो. दुसऱ्या दिवशी व्हॉल्व्ह उघडल्यावर पहिल्या पाळीला हे सगळे कोणाच्या तरी हंड्यात पडते. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची, हिपॅटायटिस ई या विषाणूची, मोठी साथ आली होती. हा विषाणू मैलामिश्रित पाण्यातून पसरतो. शुद्धीकरण केंद्रात पाणी कितीही निर्मळ केले तरी वाटेत वाहिनी दिवसातून एकदा रिकामी होत असेल, तर त्या निर्मळपणाची हमी कोणालाही देता येत नाही.

वेळापत्रकाची दुसरी किंमत व्हॉल्व्ह मोजतो. स्लूस व्हॉल्व्ह घडवला गेला तो क्वचित वापरण्यासाठी. वाहिनी फुटली तर बंद करावा, दुरुस्ती झाली की उघडावा. आपण तो दिवसातून दोनदा फिरवतो, वर्षात सातशेहून अधिक वेळा. स्पिंडलचे आटे झिजतात, ग्लँडची दोरी सैल पडते, चेंबरमध्ये झिरपा लागतो. त्याहून वाईट म्हणजे आपण त्याला अर्धवट उघडा ठेवतो. वरच्या आळीला दाब मिळावा म्हणून खालच्या आळीचा व्हॉल्व्ह चार आटेच सोडायचा, ही रीत बहुतेक गावांत आहे. अर्ध्यावर लटकलेले गेट वाहत्या पाण्यात थरथरत राहते, बसायच्या जागा खरवडल्या जातात, आणि काही वर्षांनी तो व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला तरी पाणी जातच राहते. एखाद्या दिवशी गेट स्पिंडलपासून सुटून खाली पडते. वरून चावी फिरते आहे, आटे मोजून होत आहेत, आणि खाली काहीच घडत नाही. अशा वेळी दोष फिरवणाऱ्यावर येतो. तो त्याचा नसतो. दाबाचे नियमन करायला वेगळ्या जातीचे व्हॉल्व्ह असतात, ते न घेता स्लूस व्हॉल्व्हकडून ते काम करून घेण्याचा निर्णय वर कुठेतरी झालेला असतो.

अखंड पुरवठ्याचा पंथ आपल्याकडे आता जोर धरतो आहे. कर्नाटकात हुबळी-धारवाडच्या काही भागांत २००८ पासून चोवीस तास पाणी देऊन दाखवले गेले. कराडजवळच्या मलकापूरने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साथीने मीटर आणि टप्प्याटप्प्याचे दर लावून तेच साधले. नागपुरात २०१२ पासून खासगी कंपनीकडे काम देऊन प्रयत्न सुरू झाला, पुण्यातही समान पाणीपुरवठ्याची योजना चालू आहे, आणि ओडिशातल्या पुरीने २०२१ मध्ये थेट नळाचे पाणी प्या असे नागरिकांना सांगितले. या योजनांवरचे वाद खरे आहेत. पाण्याचा दर किती, कंपनीला काय, झोपडपट्टीला काय, हे प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. तरी अखंड पुरवठा हीच आरोग्याची वाट आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र त्यामुळे व्हॉल्व्हची गरज संपते, असा एक गैरसमज त्याबरोबर पसरतो. घडते उलटे. अखंड पुरवठ्याच्या शहराचे लहान लहान मोजणी विभाग करावे लागतात, प्रत्येक विभागाच्या सीमेवरचे व्हॉल्व्ह खरोखर घट्ट बंद असावे लागतात, नाहीतर आत किती पाणी आले आणि किती गळाले याचा हिशेबच लागत नाही. रात्री दोन-तीनच्या सुमारास सगळे झोपलेले असताना विभागात शिरणारे पाणी मोजतात, त्यातले बरेचसे गळतीचे असते. सीमेवरचा एक व्हॉल्व्ह झिरपत असला तरी हे मोजमाप खोटे पडते.

आता हाताच्या कसबाबद्दल. वाहत्या पाण्याला एकाएकी अडवले तर त्याचा वेग दाबात बदलतो आणि दाबाची लाट वाहिनीतून मागे धावते. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून निकोलाय झुकोव्स्कीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याचे गणित मांडले. बिडाच्या नळात ही लाट सेकंदाला हजार मीटरच्या आसपास जाते. सेकंदाला एक मीटर वेगाने चाललेले पाणी झटक्यात थांबवले तर सुमारे शंभर मीटर उंचीच्या पाण्याएवढा जादा दाब तयार होतो, म्हणजे तीस मजली इमारतीच्या गच्चीवरची टाकी क्षणभर त्या नळावर येऊन बसली असे समजा. जुने शिशाचे सांधे हे सोसत नाहीत. शिवाय स्लूस व्हॉल्व्हचा स्वभाव फसवा आहे. गेट पाऊण खाली आले तरी प्रवाह फारसा कमी झालेला नसतो. खरे तोडणे शेवटच्या थोड्या आट्यांत होते. म्हणून अनुभवी चावीवाला सुरुवातीचे आटे सरसर घेतो आणि शेवटचे अगदी सावकाश, मध्ये थांबत, एखादा आटा मागे घेत. मागे घेण्यालाही कारण आहे. गेटच्या बसण्याच्या जागेत वाळू-गाळ साचलेला असतो, फट अरुंद झाल्यावर पाण्याला आलेला वेग तो धुऊन नेतो आणि मग गेट नीट बसते. झुकोव्स्कीचे नाव त्याने ऐकलेले नसते, पण ते गणित त्याच्या मनगटात असते. उघडतानाही तसेच : रिकामी वाहिनी हळू भरायची, हवेला निघायला वेळ द्यायचा. घाईने सोडलेले पाणी हवेला पुढे ढकलत जाते आणि शेवटच्या टोकाला सांधा उडवते.

देखभालीबाबत दोन वृत्ती आहेत. बिघडल्यावर पाहू, ही पहिली; आपल्या बहुसंख्य नगरपालिका नाइलाजाने तिच्यावर चालतात. दुसरी वृत्ती म्हणते की वापरात नसलेला व्हॉल्व्हच आधी मरतो. तो वर्षानुवर्षे उघडा राहतो, आट्यांवर गंज आणि क्षार चढतात, आणि वाहिनी फुटल्याच्या रात्री चावी लावल्यावर स्पिंडल पिळून तुटतो. म्हणून प्रत्येक व्हॉल्व्ह ठरावीक काळाने पूर्ण बंद करून पूर्ण उघडावा, आटे मोजावेत, किती जोर लागला ते लिहावे. अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशनच्या मॅन्युअलांत याचा कार्यक्रम सविस्तर दिलेला आहे, आणि केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या संस्थेच्या २००५ च्या देखभाल मॅन्युअलमध्येही व्हॉल्व्हच्या नियमित तपासणीवर भर आहे. तीनशे मिलिमीटरचा स्लूस व्हॉल्व्ह पूर्ण बंद व्हायला साधारण तीस-चाळीस फेरे लागतात. गेल्या वर्षी अडतीस लागले होते आणि यंदा बावीसला अडकला, तर आत काहीतरी झाले आहे, हे रस्ता न खोदता कळते. एवढ्या स्वस्तात मिळणारे दुसरे निदान पाणीपुरवठ्यात मला माहीत नाही.

यात सर्वांत अवघड काम मात्र व्हॉल्व्ह फिरवण्याचे नाही, शोधण्याचे आहे. रस्त्यावर डांबराचा एक थर चढतो, मग दुसरा, मग काँक्रीट, आणि झाकण गाडले जाते. नकाशा असला तर त्यावरच्या खुणा पाडलेल्या इमारतींच्या असतात. एखाद्या दुरुस्तीसाठी बंद केलेला व्हॉल्व्ह उघडायचा राहतो आणि त्याच्या पुढच्या वस्तीला वर्षानुवर्षे करंगळीएवढी धार येत राहते. लोक नळाला मोटर लावतात, मोटरीमुळे शेजाऱ्याचे पाणी तुटते, भांडणे होतात, मोर्चे निघतात, शेवटी नव्या मोठ्या वाहिनीचा प्रस्ताव मंजूर होतो. ती घालण्याआधी जुन्या वाहिनीवरचे सगळे व्हॉल्व्ह शोधून फिरवून पाहावेत, हा नियम करायला कोणत्याही कायद्याची गरज नाही.

व्हॉल्व्ह किती आणि कुठे असावेत, यावरही विचार झालेला आहे. थॉमस वॉल्स्की या अमेरिकी अभियंत्याने १९९३ मध्ये जाळ्याकडे पाहण्याची एक उपयुक्त दृष्टी दिली. नळांच्या तुकड्यांपेक्षा व्हॉल्व्हांनी वेगळे काढता येणारे विभाग पाहा, असे त्याचे सांगणे. चार वाहिन्या मिळतात त्या चौकात चारही बाजूंना व्हॉल्व्ह असेल तर फुटलेली एकच वाहिनी बंद करून बाकीच्या तीन चालू ठेवता येतात. एकच व्हॉल्व्ह असेल, किंवा चार असून दोनच फिरत असतील, तर एका गळतीसाठी अख्खा पेठभाग कोरडा पडतो. कागदावरचे व्हॉल्व्ह आणि प्रत्यक्ष फिरणारे व्हॉल्व्ह यांतले अंतर म्हणजे नागरिकांना सोसावे लागणारे जादा तास.

अलीकडे समाजशास्त्रज्ञही या चेंबरमध्ये डोकावले आहेत. लिसा ब्योर्कमन यांचे ‘पाइप पॉलिटिक्स, कंटेस्टेड वॉटर्स’ (२०१५) आणि निखिल आनंद यांचे ‘हायड्रॉलिक सिटी’ (२०१७) ही दोन्ही पुस्तके मुंबईच्या पाण्यावर आहेत. नगरसेवक, अभियंते, नळजोडणीवाले, वस्तीतले कार्यकर्ते आणि चावीवाले यांच्या रोजच्या ओढाताणीतून पाणी कसे वाटले जाते, हे त्यांत दिसते. अभियंत्यांनी ही पुस्तके वाचायला हवीत. चावीवाल्यावर कोणाकोणाचा दाब असतो, हे समजून न घेता त्याला शिस्तीचे परिपत्रक काढण्यात अर्थ नसतो. एका गल्लीला दहा मिनिटे जास्त दिली तर दुसरीची दहा मिनिटे जातात, आणि दोन्ही गल्ल्यांतले लोक त्याला ओळखतात.

स्वयंचलित व्हॉल्व्ह आणि दुरून देखरेख-नियंत्रण करणारी स्काडा यंत्रणा यांबद्दल उत्साह आहे, आणि मोठ्या मुख्य वाहिन्यांवर तो योग्यही आहे. नियंत्रण कक्षातून दाब दिसतो, रात्री माणूस पाठवावा लागत नाही, कोणी केव्हा फिरवले याची नोंद आपोआप होते. परंतु अडकलेल्या व्हॉल्व्हवर मोटर बसवली तर मोटर जळते किंवा स्पिंडल तुटतो. आधी व्हॉल्व्ह फिरता करा, मग यंत्र बसवा, हा क्रम निविदेत लिहिला जात नाही. तुंबलेल्या चेंबरमध्ये बसवलेली विजेची उपकरणे पहिल्याच पावसाळ्यात जातात, तेव्हा ज्याला घरी बसवायला निघालो होतो त्याच चावीवाल्याला पुन्हा बोलावणे जाते.

हे पुस्तक आत्ता यावे असे वाटण्याला कारणे आहेत. २०१५ पासूनच्या अमृत योजनेतून आणि २०१९ पासूनच्या जल जीवन मिशनमधून शहरे आणि गावे यांत नव्या वाहिन्यांचे जाळे पडते आहे. वाहिनीबरोबर व्हॉल्व्हही येतात, आणि त्यांच्या पहिल्या वर्षात नोंद झाली नाही तर ती पुढे कधीच होत नाही. दुसरीकडे नगरपालिकांतल्या कायम कर्मचाऱ्यांची जागा कंत्राटी कामगार घेत आहेत. ठेकेदार बदलला की माणसे बदलतात आणि गल्लीची ओळख पुन्हा शून्यापासून सुरू होते. तिसरे कारण टंचाई. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, ते साऱ्या देशाने पाहिले. इतक्या कष्टाने आलेले पाणी शहरात शिरल्यावर कोणत्या वाहिनीत किती गळते, हे सांगू शकणारे व्हॉल्व्ह प्रत्येक गावात असायला हवेत. टंचाईच्या वर्षी धरण बांधता येत नाही, व्हॉल्व्ह दुरुस्त करता येतो.

या पुस्तकाने स्वतःला काही मर्यादा घालून घेतल्या आहेत. उद्योगांतले वाफेचे आणि वायूचे व्हॉल्व्ह, घरातली प्लंबिंगची कामे यात नाहीत. पंपांची चर्चा व्हॉल्व्हशी संबंध येतो तेवढीच. गणित जिथे टाळता येत नाही तिथेच आहे आणि तेही दहावी झालेल्या माणसाला समजेल असे. खात्यात जे शब्द बोलले जातात तेच इथे वापरले आहेत. झडपेसारखे कोशातले शब्द फिटरच्या तोंडी नसतात आणि त्याला ते शिकवण्याची आमची इच्छाही नाही. सुरक्षिततेवर मात्र हात राखून लिहिलेले नाही. बंद चेंबरमध्ये प्राणवायू कमी असू शकतो, विषारी वायू साचलेला असू शकतो. झाकण काढून ताबडतोब आत उतरण्याची सवय मोडली पाहिजे. वर एक माणूस उभा असल्याशिवाय खाली कोणी उतरू नये, हे या पुस्तकात पुन्हा पुन्हा येईल, आणि ते मुद्दाम आहे.

वाचक दोन प्रकारचे डोळ्यांसमोर आहेत. एक, पाणीपुरवठा विभागात नव्याने लागलेला कनिष्ठ अभियंता, ज्याला महाविद्यालयात वाहिन्यांचा व्यास काढायला शिकवले पण चावी हातात दिली नाही. दुसरा, पंचवीस वर्षे चावी फिरवणारा कर्मचारी, ज्याला सगळे माहीत आहे पण कोणी विचारलेले नाही. पहिल्याने दुसऱ्याबरोबर एक पावसाळा आणि एक उन्हाळा पायी फिरावे, अशी शिफारस आम्ही करतो. नगरसेवक, वसाहतींचे पदाधिकारी, पत्रकार यांनाही यातली बरीच प्रकरणे उपयोगी पडतील; आपल्या भागात दाब का नाही, हे विचारताना नेमके काय विचारायचे ते त्यांना कळेल.

पुस्तकाच्या शेवटी व्हॉल्व्ह नोंदवहीचा नमुना दिला आहे. त्यात व्यास, जात, बसवल्याचे वर्ष, दोन पक्क्या खुणांपासूनचे अंतर, बंद करण्याची दिशा, एकूण फेरे, शेवटी केव्हा फिरवला आणि तेव्हाची अवस्था, हे नेहमीचे रकाने आहेत. आम्ही आणखी दोन घातले. हा व्हॉल्व्ह बंद केला तर नेमक्या कोणत्या घरांचे, दवाखान्याचे, शाळेचे पाणी जाते, हा एक. आणि ही माहिती कोणाकडून मिळाली, हा दुसरा. त्या रकान्यात चावीवाल्याचे पूर्ण नाव लिहावे, हुद्दा नव्हे, आणि नोंद पुरी झाल्यावर त्याला ती वाचून दाखवून त्याची सही घ्यावी.